एचआयव्हीबाधितांमधील हिपॅटायटिस-बी विषाणूची जनुकीय विविधता : विज्ञान, औषधनीती आणि सार्वजनिक आरोग्य

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात एचआयव्ही-एड्स हा विषय एका प्रकरणात येतो आणि विषाणूजन्य यकृतदाह दुसऱ्या प्रकरणात. शासकीय कार्यक्रमांची विभागणीही बराच काळ अशीच राहिली. एकासाठी १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे 'नाको' स्थापन झाली. दुसऱ्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम सुरू व्हायला २८ जुलै २०१८ ही तारीख उजाडावी लागली. विषाणूंना मात्र ही विभागणी मान्य नाही. दोन्ही विषाणू दूषित रक्तातून, दूषित सुईतून, असुरक्षित लैंगिक संबंधांतून आणि मातेकडून बालकाकडे पसरतात. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या शरीरात दोघांचे वास्तव्य असणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील एचआयव्हीबाधितांपैकी सुमारे ७.४ टक्के म्हणजे जवळपास २७ लाख व्यक्तींना हिपॅटायटिस-बीचाही दीर्घकालीन संसर्ग आहे.

भारताच्या दृष्टीने दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना हिपॅटायटिस-बीचा दीर्घकालीन संसर्ग होता आणि त्यांपैकी सुमारे २.९८ कोटी भारतात होते. चीननंतर हा क्रमांक दुसरा. एचआयव्हीबाधितांची भारतातील संख्या २०२३ च्या अंदाजानुसार २५ लाखांहून थोडी अधिक असून राज्यांमध्ये महाराष्ट्रातील संख्या सर्वाधिक आहे. या दोन समूहांचा जेथे छेद होतो त्या रुग्णांच्या शरीरातील हिपॅटायटिस-बी विषाणूची जनुकीय घडण कशी बदलते आणि त्या बदलामागे निसर्गाचा वाटा किती व औषधनीतीचा किती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषाणूची रचना

बरूच ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन आढळले. १९६५ मध्ये 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' या नावाने त्याची नोंद झाली. पुढे ते हिपॅटायटिस-बी विषाणूच्या बाह्य आवरणाचे प्रथिन असल्याचे सिद्ध झाले आणि १९७६ मध्ये ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज रक्ततपासणीत ज्याला 'एचबीएसएजी' म्हणतात ते हेच प्रथिन होय.

या विषाणूचा जनुकसंच डीएनएचा असून तो अवघा सुमारे ३,२०० अक्षरांचा आहे. एवढ्या अल्प जागेत चार जनुके बसवण्यासाठी निसर्गाने एक विलक्षण युक्ती योजली आहे. ही जनुके एकमेकांवर चढवलेली आहेत. जुन्या मोडी दस्तऐवजांत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती. वाचणारा कोठे थांबतो यावर अर्थ ठरत असे. तसाच येथे अक्षरांचा एकच क्रम एका ठिकाणापासून वाचला तर विषाणूची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेज या विकराचा मजकूर मिळतो आणि एक घर सरकून वाचला तर बाह्य आवरणाच्या प्रथिनाचा. आवरणाचे संपूर्ण जनुक पॉलिमरेजच्या जनुकाच्या पोटात सामावलेले आहे. याचा परिणाम असा की एका मजकुरात झालेला बदल दुसऱ्या मजकुरातही उमटू शकतो. पुढील विवेचनात ही बाब कळीची ठरते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे डीएनएचा विषाणू असूनही हिपॅटायटिस-बी आपली नक्कल आरएनएच्या टप्प्यातून करतो आणि त्यासाठी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज म्हणजे उलट प्रतिलेखनाची क्रिया वापरतो. एचआयव्हीचेही तेच. या क्रियेत झालेली चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय नसते. रुग्णाच्या शरीरात दररोज अब्जावधी नकला तयार होतात आणि त्यांतील काही सदोष निघतात. बहुतेक सदोष नकला निरुपयोगी ठरून नष्ट होतात. परिस्थिती बदलली, म्हणजे एखादे औषध सुरू झाले किंवा प्रतिकारशक्तीचा दाब वाढला अथवा घटला, की त्यांतील एखादी नक्कल तगून राहते आणि पुढे बहुसंख्य होते. विषाणू 'शिकत' नाही, निवड होते. परीक्षेच्या उत्तरांत या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत झालेली दिसते.

जनुकप्रकार आणि भारताचा नकाशा

येथे दोन संज्ञा वेगळ्या केल्या पाहिजेत. संपूर्ण जनुकसंचात सुमारे ८ टक्के वा अधिक फरक असेल तर त्या विषाणूंना भिन्न जनुकप्रकार म्हणजे जीनोटाइप मानतात. ए ते जे असे दहा प्रकार वर्णिले गेले आहेत. हा फरक शतकानुशतकांच्या स्थलांतरांतून घडलेला असतो आणि रुग्णाच्या आयुष्यात तो बदलत नाही. याउलट उत्परिवर्तन म्हणजे एखाद्या अक्षराचा बदल, आणि तो काही महिन्यांतही घडू शकतो. जनुकप्रकार हे विषाणूचे कूळ आहे आणि उत्परिवर्तन हा त्याच्या चालू आयुष्यातील बदल, असे म्हणता येईल.

भारतात प्रामुख्याने डी आणि ए हे प्रकार आढळतात. पूर्व भारतात, विशेषतः कोलकात्यातील अभ्यासांत, सी हा प्रकारही नोंदला गेला आहे. तो पूर्व व आग्नेय आशियात व्यापक असून यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध अधिक घनिष्ठ मानला जातो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०१० मध्ये ईशान्येकडील संशोधकांसह तेथील एका आदिवासी समाजात आय या प्रकाराची नोंद केली. तो व्हिएतनाम व लाओसमधील विषाणूशी मिळताजुळता होता.

कोणता प्रकार अधिक घातक, या प्रश्नावर भारतीय संशोधनात झालेला मतभेद विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावा असा आहे. २००२ मध्ये दिल्लीतील संशोधकांनी डी प्रकाराचा संबंध अधिक गंभीर यकृतविकाराशी असल्याचे मांडले. २००३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील गांधे, चढ्ढा व अरणकल्ले यांनी पश्चिम भारतातील रुग्णांचा अभ्यास करून जनुकप्रकार आणि आजाराची तीव्रता यांत लक्षणीय संबंध नसल्याचा निष्कर्ष काढला. २००५ मध्ये लखनौ येथील संशोधकांना उत्तर भारतातच ए हा प्रकार गंभीर आजाराशी अधिक निगडित आढळला. तीन शहरे, तीन उत्तरे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने यात आश्चर्य नाही. रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णांचा नमुना हा समाजाचा नमुना नसतो. संसर्गाचे वय, मद्यपान, उपचाराला झालेला विलंब आणि इतर संसर्ग हे सारे घटक जनुकप्रकाराच्या आड दडून राहतात. पुण्याच्या अभ्यासाची 'संबंध नाही' ही नोंद कमी आकर्षक असली तरी तिचे मोल कमी नाही. नकारात्मक निष्कर्ष प्रसिद्ध होत नसल्यामुळेच अनेक भ्रामक समज टिकून राहतात.

या नकाशावर छत्तीसगडचे स्थान लक्षणीय आहे. रायपूर हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील शहर. पश्चिमेकडे नागपूर, पूर्वेकडे ओडिशा व बंगाल. हा प्रदेश अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात तो होता, पुढे मध्य प्रदेशात गेला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी स्वतंत्र राज्य झाला. मजूर, व्यापारी, वाहनचालक आणि मराठी कुटुंबे यांची ये-जा या मार्गावर पिढ्यान् पिढ्या चालू आहे. जेथे माणसांच्या वाटा मिळतात तेथे विषाणूंच्या कुळांची सरमिसळ संभवते. तथापि, केवळ भूगोलावरून रायपूरच्या रुग्णात अमुक प्रकार असेल असे अनुमान काढणे म्हणजे शास्त्राच्या नावाखाली अंदाज बांधणे होय. त्यासाठी नमुनेच तपासावे लागतात.

एचआयव्हीमुळे चित्र कसे बदलते

भारतात हिपॅटायटिस-बीचा दीर्घकालीन संसर्ग मोठ्या प्रमाणावर बालपणी जडतो आणि एचआयव्हीचा संसर्ग बहुतांशी प्रौढ वयात होतो. त्यामुळे दुहेरी संसर्ग असलेल्या भारतीय रुग्णातील जनुकप्रकार त्या प्रदेशातील सर्वसाधारण लोकसंख्येप्रमाणेच असण्याचा संभव अधिक. पाश्चात्त्य देशांत, जेथे दोन्ही संसर्ग प्रौढपणी आणि एकाच मार्गाने होतात, तेथे ए प्रकाराचे आणि इतरत्र दुर्मीळ असलेल्या जी प्रकाराचेही प्रमाण एचआयव्हीबाधितांमध्ये वेगळे दिसते. पाश्चात्त्य निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत, ते यासाठी.

खरा फरक पडतो तो उत्परिवर्तनांच्या बाबतीत. निरोगी प्रौढास हिपॅटायटिस-बीचा संसर्ग झाल्यास ९५ टक्क्यांहून अधिक वेळा शरीर त्यावर स्वतःच मात करते; नवजात बालकात मात्र सुमारे ९० टक्के वेळा संसर्ग कायमचा होतो. एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी घटलेल्या प्रौढाची अवस्था या दोहोंच्या मध्ये येते. विषाणूचे रक्तातील प्रमाण वाढते, तो आपोआप नाहीसा होण्याची शक्यता कमी होते आणि सिऱ्होसिस म्हणजे यकृताचे काठिण्य लवकर येते. नकला जितक्या अधिक तितक्या चुकाही अधिक. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना अशा रुग्णांत विषाणूच्या गाभ्याच्या जनुकातील एकच अक्षर गळालेले उत्परिवर्तित रूप आढळले आणि त्याचा संबंध विषाणूच्या अधिक प्रमाणाशी जोडला गेला. काही रुग्णांत तर एचबीएसएजी चाचणी नकारात्मक येते आणि डीएनए मात्र सापडतो. यास सुप्त हिपॅटायटिस-बी म्हणतात. केवळ एका चाचणीवर विसंबणाऱ्या व्यवस्थेतून असा रुग्ण निसटतो.

प्रतिकारशक्ती क्षीण असते तेव्हा तिचा दाबही क्षीण असतो. म्हणून प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी होणारी उत्परिवर्तने अशा रुग्णात तुलनेने मागे राहू शकतात आणि औषधाला चकवणारी पुढे येतात. येथून पुढची कथा औषधांची, म्हणजे पर्यायाने अर्थशास्त्राची आहे.

एका स्वस्त गोळीचा इतिहास

२००० सालापर्यंत एचआयव्हीवरील त्रि-औषध उपचाराचा वार्षिक खर्च दर रुग्णामागे १०,००० डॉलरच्या आसपास होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन व नेव्हिरापिन ही तीन औषधे एका स्वयंसेवी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दर्शवली. त्या काळी भारतात औषधाच्या उत्पादनाला, म्हणजे अंतिम पदार्थाला, पेटंट मिळत नसे. प्रक्रियेला मिळत असे. त्यामुळेच हे शक्य झाले. लाखो लोकांचे प्राण या किंमतकपातीने वाचले, याबाबत दुमत नाही. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने आठ शासकीय रुग्णालयांतून मोफत प्रतिविषाणू उपचार, ज्याला एआरटी म्हणतात, सुरू केले तेव्हा प्रारंभीचा उपचार याच धर्तीचा होता.

या तिघांपैकी लॅमिव्हुडिन हे एकच औषध हिपॅटायटिस-बीवरही चालते. याचा अर्थ असा की ज्या रुग्णाला दोन्ही संसर्ग होते त्याला एचआयव्हीसाठी तीन औषधे मिळत होती आणि हिपॅटायटिस-बीसाठी नकळत एकच. क्षयरोगात एकाच औषधाने उपचार केल्यास जीवाणू त्याला जुमानेनासा होतो, हे वैद्यकशास्त्राला १९४० च्या दशकापासून माहीत आहे. येथेही तेच घडले. हिपॅटायटिस-बीच्या पॉलिमरेजमध्ये २०४ क्रमांकाच्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते. त्याच्या जागी व्हॅलिन किंवा आयसोल्युसिन आले की लॅमिव्हुडिन निष्प्रभ होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅरिस येथील अभ्यासात, दुहेरी संसर्ग असलेल्या रुग्णांत लॅमिव्हुडिन घेतल्यानंतर दोन वर्षांनी सुमारे ५० टक्के व चार वर्षांनी सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये हा औषधरोध निर्माण झाल्याचे आढळले.

आता एकमेकांवर चढलेल्या मजकुरांची बाब आठवावी. लॅमिव्हुडिनला चकवणारा बदल पॉलिमरेजच्या जनुकात होतो, पण तीच अक्षरे आवरणाच्या प्रथिनाचेही वर्णन करतात. पॉलिमरेजमधील १७३, १८० आणि २०४ या तिन्ही जागी विशिष्ट बदल एकत्र आले तर आवरणाचे रूपही बदलते आणि लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे त्याला पूर्वीइतकी घट्ट चिकटत नाहीत. हे तिहेरी उत्परिवर्तन दीर्घकाळ लॅमिव्हुडिन घेतलेल्या एचआयव्हीबाधितांमध्ये आढळले आहे. असा विषाणू समाजात व्यापक प्रमाणात पसरून लसीकरण निष्फळ झाल्याचे दिसलेले नाही. घबराटीचे कारण नाही. परंतु अर्थशास्त्रात ज्याला नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात त्याचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही. कारखान्याचा धूर शेजाऱ्याने सोसावा तसा एका रुग्णाच्या अपुऱ्या उपचाराचा भार लस घेतलेल्या तिसऱ्याच व्यक्तीवर पडू शकतो, आणि औषधाच्या किमतीत तो कोठेही मोजलेला नसतो.

उपाय उपलब्ध होता. टेनोफोव्हिर हे औषध दोन्ही विषाणूंवर प्रभावी आहे, लॅमिव्हुडिनला न जुमानणाऱ्या हिपॅटायटिस-बीवरही चालते आणि त्याविरुद्धचा औषधरोध प्रत्यक्ष उपचारांत अत्यंत विरळ आहे. एचआयव्हीसाठी अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली होती. दरम्यान २००५ च्या दुरुस्तीने भारतात औषध-उत्पादनांनाही पेटंट मिळू लागले. मात्र ज्ञात पदार्थाच्या किरकोळ फेरबदलाला पेटंट नाकारणारे कलम ३(डी) त्याच दुरुस्तीने अधिक कडक झाले. २००९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने टेनोफोव्हिरसंबंधीचे अर्ज फेटाळले. रुग्णांच्या संघटनांनी त्याविरुद्ध हरकती नोंदवल्या होत्या. त्यामुळे भारतीय कंपन्यांकडून हे औषध स्वस्तात मिळण्याचा मार्ग खुला राहिला. २०१२ नंतरच्या काळात राष्ट्रीय कार्यक्रमातील नव्या रुग्णांच्या पहिल्या उपचारात टेनोफोव्हिर आले आणि २०२० नंतर टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राविर ही एकत्रित गोळी मुख्य उपचार बनली. पेटंट कायद्यातील एका उपकलमाचा प्रभाव रुग्णाच्या यकृतातील विषाणूच्या जनुकांपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट कायदा आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडावी.

थांबवलेले औषध, लपवलेले निदान

दुहेरी संसर्गाचा धोका टेनोफोव्हिरने आटोक्यात येतो, नाहीसा होत नाही. यकृतपेशीच्या केंद्रकात विषाणूचे वर्तुळाकार डीएनए दडून राहते आणि ते काढून टाकणारे औषध अद्याप नाही. औषध अचानक थांबले की विषाणू उसळतो आणि यकृताला तीव्र दाह होतो. कधी तो प्राणघातक ठरतो.

उदाहरणादाखल, समजा, रायपूरच्या शंकर नगरात राहणाऱ्या एका रुग्णाला दोन्ही संसर्ग आहेत आणि त्याला केवळ एकाचीच माहिती आहे. टेनोफोव्हिरचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ लागला म्हणून ते बदलून दुसरे औषध दिले, तर एचआयव्ही काबूत राहील. पण हिपॅटायटिस-बीवरील संरक्षण कोणाच्या ध्यानात न येता निघून जाईल. अलीकडे जगात डोल्युटेग्राविर व लॅमिव्हुडिन ही दोनच औषधांची गोळी आणि कॅबोटेग्राविर-रिल्पिव्हिरिन ही दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने प्रचारात आली आहेत. रुग्णाच्या सोयीच्या दृष्टीने ती स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांत टेनोफोव्हिर नाही. पहिल्या जोडीत लॅमिव्हुडिन पुन्हा एकटे उरते, म्हणजे २००४ ची चूक नव्या वेष्टनात परत येऊ शकते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी आणि बदलण्यापूर्वीही एचबीएसएजी चाचणी आवश्यक मानली जाते. या चाचणीचा खर्च अत्यल्प आहे.

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. समजा, हाच रुग्ण एचआयव्हीची स्थिती लपवून एखाद्या खासगी दवाखान्यात केवळ काविळीच्या उपचारासाठी गेला आणि त्याला एन्टेकॅव्हिर हे हिपॅटायटिस-बीचे औषध एकटेच मिळाले. हे औषध एचआयव्हीवर निष्क्रिय असल्याचा समज बराच काळ होता. २००७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की ते एचआयव्हीवर अंशतः कार्य करते आणि त्यातून एचआयव्हीच्या १८४ क्रमांकाच्या जागी उत्परिवर्तन घडून लॅमिव्हुडिन निरुपयोगी होऊ शकते. विशेष म्हणजे हिपॅटायटिस-बीमधील २०४ आणि एचआयव्हीमधील १८४ या दोन्ही जागा एकाच प्रकारच्या चार अमिनो आम्लांच्या साखळीत येतात. एकावरील अर्धवट उपचार दुसऱ्याला औषधरोधी बनवतो.

रुग्ण निदान का लपवतो, याचे उत्तर जनुकशास्त्रात मिळणार नाही. नोकरी, घरमालक, सोयरीक ही त्याची कारणे आहेत. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ ने बाधितांविरुद्धच्या भेदभावास मनाई केली आणि संमतीशिवाय त्यांची स्थिती उघड करण्यावर निर्बंध घातले. हिपॅटायटिस-बीबाधितांना असे स्वतंत्र कायदेशीर संरक्षण नाही. कलंक हा सामाजिक प्रश्न म्हणून शिकवला जातो. तो औषधरोधाचेही एक कारण आहे, ही बाजू क्वचितच मांडली जाते.

सुई, लस आणि प्रयोगशाळा

२००९ च्या फेब्रुवारीत गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस-बीचा मोठा उद्रेक होऊन अनेकांचा मृत्यू झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात दोन गोष्टी एकत्र दिसल्या: नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंज आणि जनुकाच्या नियंत्रक भागात विशिष्ट उत्परिवर्तने असलेला विषाणू. विषाणूची जनुकीय रचना आणि दवाखान्यातील निष्काळजीपणा यांची गाठ पडली की काय होते, याचे हे ठळक उदाहरण. हीच सुई एचआयव्हीचीही वाहक असते.

प्रतिबंधाच्या आघाडीवर भारताची वाटचाल मंद पण निश्चित झाली. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने हिपॅटायटिस-बीची पहिली स्वदेशी पुनर्संयोजित लस बाजारात आणली आणि आयात लशींच्या किमती कोसळल्या. सार्वत्रिक लसीकरणात ही लस २००२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर, २००७-०८ मध्ये दहा राज्यांत आणि २०११ मध्ये देशभर आली. म्हणजे आज जे एचआयव्हीबाधित प्रौढ आहेत त्यांपैकी बहुतेकांना बालपणी ही लस मिळालेली नाही. त्यांना आता लस द्यायची तर सीडी-४ पेशी कमी असताना ती कमी परिणामकारक ठरते आणि अनेकदा दुप्पट मात्रा द्यावी लागते. पुढील पिढीसाठी जन्मानंतर २४ तासांच्या आतील मात्रा निर्णायक आहे. घरी होणाऱ्या बाळंतपणांत नेमकी तीच चुकते. छत्तीसगडने २००२ च्या सुमारास सुरू केलेला 'मितानिन' हा गावोगावच्या आरोग्यसेविकांचा कार्यक्रम पुढे देशातील 'आशा' योजनेला मार्गदर्शक ठरला. बस्तरसारख्या भागात गर्भवतीची एचआयव्ही व हिपॅटायटिस-बी या दोन्हींसाठी एकाच वेळी तपासणी आणि बाळंतपण रुग्णालयात घडवून आणणे ही कामे अशाच यंत्रणेच्या बळावर होऊ शकतात.

प्रत्येक रुग्णाच्या विषाणूची जनुकीय क्रमवारी काढावी काय? खर्चाच्या दृष्टीने याचे उत्तर नकारार्थी आहे. टेनोफोव्हिर सर्व जनुकप्रकारांवर चालत असल्याने वैयक्तिक उपचाराचा निर्णय क्रमवारीने क्वचितच बदलतो. तोच निधी एचबीएसएजी चाचणी, डीएनएच्या प्रमाणाची चाचणी आणि अखंड औषधपुरवठा यांवर खर्च केल्यास अधिक प्राण वाचतात. परंतु ठरावीक काळाने निवडक केंद्रांतून नमुने घेऊन क्रमवारी तपासणे ही वेगळी बाब आहे. ते सार्वजनिक हिताचे ज्ञान आहे. कोणताही एक रुग्ण किंवा खासगी दवाखाना त्याचा खर्च करणार नाही. म्हणून तो शासनानेच करावा लागतो. २००४ ते २०१२ या काळात एआरटी सुरू केलेल्या दुहेरी संसर्गाच्या रुग्णांपासून आरंभ करणे सयुक्तिक ठरेल, कारण लॅमिव्हुडिनचा एकटा भार त्यांच्याच विषाणूवर पडला होता.

यासाठी लागणारी संस्थात्मक चौकट देशात आहे. राष्ट्रीय विषाणू संस्थेची मुळे १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रात आहेत. पुण्यातच भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली आणि तिच्या आजच्या नावात एड्सबरोबर विषाणूशास्त्राचाही समावेश झाला आहे. रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील विषाणू प्रयोगशाळेने २०२० मध्ये कोविडच्या चाचण्यांचा भार उचलला होता. उपकरणे आणि प्रशिक्षित मनुष्यबळ त्या निमित्ताने राज्यांच्या राजधान्यांपर्यंत पोहोचले. आता एआरटी केंद्राची नोंदवही आणि राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमाची नोंदवही यांत एकाच रुग्णाची नोंद एकमेकींना ओळखू शकेल अशी व्यवस्था हवी. तसे झाले तर रायपूरहून नागपूरला कामासाठी गेलेल्या रुग्णाची गोळी बदलताना तेथील डॉक्टरला त्याचा एचबीएसएजीचा निकाल समोर दिसेल.